रोयणाची अळंबी ओळखताना आधी बूड पाहा

प्रश्न असा आहे: सिंधुदुर्गातल्या घरी वारुळालगतची अळंबी दर पावसाळ्यात खाल्ली जाते. यंदा खळ्याच्या कडेला गवतातही तशाच मोठ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या आहेत. नुसतं बघून त्या खाण्यातल्या आहेत की नाहीत हे सांगणारी एखादी हमखास खूण आहे का?

नाही. विषारी अळंब्या काही एकाच घराण्यातल्या नसतात. त्यांची विषं वेगळी, रूपं वेगळी, वाढायच्या जागा वेगळ्या. रंग, वास किंवा आकार यांचा विषाशी ठरलेला संबंध नाही, त्यामुळे सगळ्या विषारी अळंब्यांना लागू पडेल अशी खूण असूच शकत नाही. 'ही विषारी आहे का?' हा प्रश्नच बाजूला ठेवा आणि 'ही नेमकी कोणती?' एवढंच विचारा. जातीचं किंवा निदान वंशाचं नाव सगळ्या लक्षणांसह पटलं, तरच पुढचा विचार. एक लक्षण जरी जुळलं नाही, तर ती अळंबी टाकायची.

गवतातल्या त्या छत्र्या तूर्त कुणी खाऊ नका. मोकळी गवताळ जागा, मोठी पांढरी टोपी आणि वारुळाचा पत्ता नाही, एवढ्यावरून पहिला संशय क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस या विषारी जातीचा येतो. तो कसा तपासायचा ते पुढे येईलच. आधी खरी रोयणाची, म्हणजे वारुळाची, अळंबी कशी असते ते नीट पाहू, कारण तुलना तिच्याशीच करायची आहे.

जमिनीखालचा पुरावा

गोव्यात जिला रोंयणाची अळमी म्हणतात, विदर्भात सात्या आणि टेकोडे या नावांनी जी विकली जाते त्यातलाही मोठा भाग, ही सगळी टर्मिटोमायसिस या वंशाची मंडळी. वंशाला हे नाव रॉजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942 मध्ये दिलं. ही बुरशी वाळवीच्या घरात वाढते. आपल्याकडे मुख्यतः ओडोन्टोटर्मिस वंशाच्या वाळव्या चावलेल्या लाकूड-पाल्याचा लगदा रचून स्पंजासारखं करडं-तपकिरी पोळं बनवतात आणि त्यावर ही बुरशी पोसतात. पोळ्यावर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे दाणे दिसतात, ते या बुरशीचेच. पावसाने जमीन भिजली की त्या पोळ्यातून अळंबी वर यायला निघते, आणि पोळं जितकं खोल तितका लांब शेपटा तिला काढावा लागतो.

हा शेपटा म्हणजे ओळखीचा सर्वांत भक्कम पुरावा. देठ जमिनीशी संपत नाही. तो किंचित फुगतो आणि तिथून निमुळता होत मुळासारखा खाली जातो. कधी 10 सेंटीमीटर, कधी हातभर, क्वचित त्याहूनही लांब. काही जातींत तो पांढरा असतो, काहींत बाहेरून काळपट. घरी आणलेल्या अळंबीला हा शेपटा क्वचितच असतो, कारण सवयीने ती वरच्या वर मोडून किंवा कापून घेतात. म्हणजे सर्वांत उपयोगी भाग मातीतच राहतो आणि ओळख टोपीच्या रंगावर करायची पाळी येते. बहुतेक चुका इथेच होतात.

नव्या जागी उगवलेली अळंबी असेल तर प्रत्येक ताटव्यातली एक पूर्ण उकरा. देठापासून चार-पाच बोटं दूर खुरपं किंवा पातळ पहार उभी घालून माती ढिली करा. मग बोटांनी देठाच्या कडेची माती काढत खाली जा. ओढू नका, शेपटा ठिसूळ असतो आणि जोर दिला की फुगीर भागाशीच तुटतो. तुटला तर मातीत त्याचं गोल टोक शोधा. ते दिसलं तर शेपटा होता. भोवतीची माती एकसंध असेल आणि देठाचं बूड गोलसर, गुळगुळीत संपलेलं असेल, तर शेपटा नव्हताच. उकरताना पोळ्यापर्यंत पोचायची गरज नाही. वीतभर खाली शेपटा जात असल्याचं दिसलं की पुरे. खड्डा लगेच मातीने भरून हलकेच दाबून टाका. पोळं फुटलं, त्यात पाणी शिरलं, तर पुढच्या वर्षी त्या जागी अळंबी येण्याची आशा सोडावी लागते.

इथे दोन गैरसमज मध्ये येतात. एक, वारूळ दिसत नाही म्हणजे रोयणाची अळंबी नाही. या वाळव्यांची कितीतरी घरं पूर्ण जमिनीखाली असतात, वर उंचवटा नसतो. दुसरा जास्त धोक्याचा: वारुळाजवळ उगवली म्हणजे खाण्यातलीच. वारुळाची माती भुसभुशीत, सेंद्रिय पदार्थांनी भरलेली, आजूबाजूला पालापाचोळा. इतर पाचपन्नास जातींनाही ती जागा तितकीच मानवते. वारूळ हा इशारा आहे, पुरावा नाही.

शेपट्याच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे, टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस. ही सर्वांत चिमुकली. टोपी 1 ते 2.5 सेंटीमीटर, आणि एका जागी शेकड्यांनी, जणू जमिनीवर कुणी पांढऱ्या अक्षता उधळल्यात. कामकरी वाळव्या जुन्या पोळ्याचे तुकडे बाहेर आणून जमिनीवर पसरतात आणि त्या तुकड्यांतून ही उगवते, त्यामुळे तिला लांब शेपट्याची गरज नसते. ओळख पटवायला तिच्या बुडाची चिमूटभर माती उचलून पाहा, त्यात पोळ्याचे तपकिरी रवाळ कण मिळायला हवेत. हिच्यासारखीच दाटीने येणारी दुसरी एक अळंबी आहे, कोप्रिनेलस डिसेमिनेटस. ती कुजक्या बुंध्यावर किंवा मातीखालच्या लाकडावर येते, टोपीवर कडेपर्यंत घड्यांसारख्या रेषा असतात आणि टोपीखालचा भाग दिवसभरात करडा, मग काळपट होतो. ती जिवावर बेतणारी नाही. पण लहान आकाराच्या लेपिओटा वंशात मात्र यकृत निकामी करणाऱ्या जाती आहेत, म्हणून दोनचार सुट्या उगवलेल्या बारीक छत्र्या 'मायक्रोकार्पस असेल' म्हणून मुठीत घेऊ नयेत. शेकड्यांनी आणि वाळवीच्या पोळ्याच्या कणांसह, हे दोन्ही हवं.

वरची लक्षणं, त्यांच्या मर्यादांसह

आता टोपी. कळी असताना टर्मिटोमायसिसची टोपी भाल्याच्या टोकासारखी किंवा घंटेसारखी असते. मधोमध एक टणक उंचवटा असतो, काही जातींत टोकदार, काहींत बोथट. जमीन फोडून वर यायचं काम तो करतो. टोपी पसरली तरी तो मध्ये राहतो, आणि बहुधा बाकी टोपीपेक्षा गडद, करडा किंवा तपकिरी असतो. बोटाने दाबला तर आजूबाजूच्या मांसापेक्षा घट्ट लागतो. पसरताना टोपीची कड जागोजाग उभी फाटते. पृष्ठभाग गुळगुळीत, ओला असताना जरा रेशमी. त्यावर सुटे खवले किंवा चिकटलेले फोड नसतात. मातीचे कण मात्र भरपूर असतात आणि घाईत तेच खवल्यांसारखे दिसतात, म्हणून ओल्या फडक्याने पुसून मग पाहा.

टोपी उलटी केली की उभ्या पट्ट्या दिसतात, ज्यांना सगळे गिल्सच म्हणतात. टर्मिटोमायसिसमध्ये त्या दाट असतात आणि देठाला चिकटत नाहीत, देठाभोवती बारीक मोकळी फट राहते. आधी पांढऱ्या, बीजाणू (बुरशीची पुडीसारखी बारीक बी) तयार होऊ लागले की मलईसारख्या आणि मग फिकट गुलाबी. पण कोवळ्या अळंबीच्या पांढऱ्या गिल्सवरून काहीच सिद्ध होत नाही. अ‍ॅमानिटा या जीवघेण्या जाती असलेल्या वंशाच्या गिल्स पांढऱ्या आणि सुट्या असतात, क्लोरोफायलमच्याही कोवळेपणी तशाच. कोवळी कळी चवीला सर्वांत चांगली, पण ओळखायला सर्वांत वाईट. यावर उपाय एकच, त्याच ताटव्यातली पूर्ण उमललेली एक तरी अळंबी तपासायची.

देठ भरीव आणि तंतुमय असतो. उभा चिरला तर दोऱ्यासारखे तंतू निघतात. आतलं मांस पांढरं, कापल्यावर रंग न बदलणारं.

कड्याबद्दल मात्र सावध. देठावरचं वलय म्हणजे विष, असं पुष्कळ ठिकाणी मानतात. टर्मिटोमायसिस हायमी या उत्तम खाद्य जातीच्या देठावर जाड, टिकाऊ कडं असतं. उलट अ‍ॅमानिटाचं झिरझिरीत कडं जोराच्या सरीने गळून पडतं. त्यामुळे कडं आहे म्हणून फेकू नये आणि नाही म्हणून खाऊ नये. कड्याचं स्वरूप मात्र टिपून ठेवावं: देठाला घट्ट जडलेलं आहे, परकरासारखं लोंबतंय, की अंगठीसारखं वरखाली सरकतंय. सरकणारं कडं दिसलं की क्लोरोफायलम डोळ्यांपुढे यायला हवी.

बीजाणूंचा ठसा

शेपट्यानंतरचा दुसरा भक्कम पुरावा म्हणजे बीजाणूंचा रंग. गिल्सचा रंग वयानुसार बदलतो, टोपीचा पावसाने धुतला जातो, बीजाणूंचा तेवढा बदलत नाही. खर्च शून्य, फक्त एक रात्र थांबावं लागतं. माझ्या मते ज्यांना एवढं थांबवत नाही त्यांनी रानअळंबी गोळाच करू नये.

पूर्ण उमललेली, पण अजून न सडलेली अळंबी घ्या. देठ गिल्सच्या पातळीला कापून टाका, म्हणजे टोपी सपाट बसेल. स्वच्छ काचेच्या तुकड्यावर गिल्स खाली करून ठेवा. कागदापेक्षा काच बरी. पांढऱ्या कागदावर पांढरा ठसा दिसतच नाही, तर काच आधी काळ्या आणि मग पांढऱ्या पृष्ठभागावर धरून पाहता येते. टोपीवर पाण्याचे दोनतीन थेंब टाका आणि वर वाटी पालथी घाला, वारा लागला की बीजाणू उडून जातात. चार तासांत धूसर ठसा येतो, रात्रभर ठेवला तर दाट. सकाळी टोपी सरळ वर उचला, घसटू नका.

रंग नेहमी दिवसाच्या उजेडात पाहायचा. ट्यूबलाइटखाली फिकट गुलाबी आणि मलई रंगातला फरक कळत नाही. पातळ थर असेल तर ब्लेडने सगळी पूड एका जागी ओढून छोटा ढीग करा, खरा रंग ढिगात दिसतो. विशेषतः टर्मिटोमायसिसचा फिकट गुलाबी ठसा पातळ असताना सहज पांढरा वाटतो, आणि इथे गुलाबी की पांढरा हाच तर प्रश्न असतो.

आता रंगांचा अर्थ. टर्मिटोमायसिस: गुलाबीसर मलई ते फिकट गुलाबी. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस: मळकट हिरवा. असा हिरवा ठसा देणारी दुसरी मोठी छत्री आपल्याला भेटत नाही, म्हणून तो दिसला की विषय संपला. अ‍ॅमानिटा आणि लेपिओटा: पांढरा. बाजारातल्या बटण मशरूमचा वंश अ‍ॅगॅरिकस: चॉकलेटी तपकिरी. गंजासारखा किंवा मातकट तपकिरी ठसा देणाऱ्यांत गॅलेरिना, इनोसायबी, कॉर्टिनेरियस असे धोकादायक वंश आहेत. काळा ठसा शेणावरच्या आणि उकिरड्यावरच्या बऱ्याच अळंब्यांचा.

गुलाबी आला म्हणजे सुटलो, असंही नाही. एन्टोलोमा या वंशाचा ठसाही गुलाबी असतो आणि त्यातल्या काही जाती पोटाचे हाल करतात. पण एन्टोलोमाच्या गिल्स देठाला चिकटलेल्या असतात आणि बुडाला शेपटा नसतो. गुलाबी ठसा, सुट्या गिल्स, मधला टणक उंचवटा आणि मुळासारखा शेपटा, ही चार लक्षणं एकाच अळंबीत मिळाली की टर्मिटोमायसिस म्हणायला हरकत नाही. चारांतली तीन मिळाली तर नाही, अपवाद फक्त वर सांगितलेल्या मायक्रोकार्पसचा.

ठसा उठलाच नाही, तर टोपी अजून कोवळी असते, उन्हात सुकलेली असते किंवा फ्रिजमध्ये राहिलेली असते. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते: अळंबीत आधीच अळ्या असतात आणि रात्रीतून टोपीचा चिखल होतो. अशा वेळी टोपीचा चतकोर तुकडा घेऊन तीनचार तासांतच ठसा उचलावा. ठसा नाही म्हणजे ओळख अपुरी. 'या खेपेला चालवून घेऊ' याला जागा नाही.

खळ्यातली पांढरी छत्री

आता तुमच्या गवतातल्या छत्र्या. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस पावसानंतर मैदानात, बागेत, गुरं चरतात त्या गवतात, सोसायटीच्या हिरवळीवर येते, पुष्कळदा गोल रिंगणात. टोपी आधी अंड्यासारखी, उमलल्यावर 10 ते 30 सेंटीमीटर. पांढऱ्या टोपीच्या मध्यावर तपकिरी साल असते आणि टोपी पसरताना ती साल फाटून तिचे खवले कडेकडे विखुरतात. देठ गुळगुळीत, बुडाशी गड्ड्यासारखा फुगीर, खाली शेपटा नाही. कडं दुहेरी काठाचं, जून झालं की सरकणारं. गिल्स जून झाल्या की करड्या-हिरव्या. पण कळ्या अगदी शुभ्र आणि तजेलदार असतात, आणि लोक नेमक्या त्याच उचलतात.

खाल्ल्यावर साधारण 1 ते 3 तासांत पोटात पेटके, जोराच्या उलट्या, जुलाब सुरू होतात. मोठी माणसं बहुधा सलाइनवर बरी होतात, लहान मुलं आणि म्हातारी माणसं पाणी कमी होऊन गंभीर होऊ शकतात. उत्तर अमेरिकेत सर्वाधिक खाल्ली जाणारी विषारी अळंबी हीच समजली जाते. कारण साधं आहे. ती देखणी आहे, मोठी आहे आणि माणसाच्या दारात उगवते.

शहरातल्या वाचकांसाठी एक जोड: कुंडीत उगवणारी लिंबासारखी पिवळीजर्द नाजूक छत्री ल्युकोकोप्रायनस बर्नबाउमी. झाडाला काही अपाय करत नाही, पण ती पोट बिघडवते. घरात रांगतं मूल असेल तर उपटून टाका.

अ‍ॅमानिटा, जिच्याबाबत चूक परवडत नाही

क्लोरोफायलम दोन दिवस आडवं पाडते. अ‍ॅमानिटा वंशातल्या काही जाती जीव घेतात, आणि एका मोठ्या छत्रीत प्रौढ माणसाला मारण्याइतकं विष असू शकतं. ही बुरशी जिवंत झाडांच्या मुळांशी जोडलेली असते, म्हणून झाडाखाली किंवा झाडांच्या जवळपास येते. शुभ्र, सुट्या, शेवटपर्यंत पांढऱ्याच राहणाऱ्या गिल्स, पांढरा ठसा, वरच्या भागात लोंबणारं कडं, टोपीवर बहुधा सहज निघणारे फोड, आणि बुडाला मातीत दडलेली पिशवी. ही पिशवी म्हणजे अंड्याच्या फुटक्या टरफलासारखा पेला. अळंबी आधी त्यात पूर्ण गुंडाळलेली असते, मग ती फोडून वर येते. वरच्या वर तोडली तर पिशवी मातीत राहते, टोपीवरचे फोड पाऊस धुऊन नेतो, आणि हातात उरते एक साधी, सुंदर पांढरी अळंबी. बूड उकरायचा आग्रह यासाठीच.

पिशवी म्हणजे अ‍ॅमानिटाच, असंही नाही. भाताच्या पेंढ्यावर येणारी व्होल्व्हारिएला व्होल्व्हासिया उत्तम खाद्य आहे आणि तिलाही पिशवी असते. फरक असा: ती कुजत्या पेंढ्यावर येते, तिला कडं कधीच नसतं आणि ठसा गुलाबी. कळीच्या अवस्थेत मात्र दोघी अंड्यासारख्या सारख्याच. आग्नेय आशियातून कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या लोकांनी आपल्या ओळखीची पेंढ्यावरची अळंबी समजून अ‍ॅमानिटा फॅलॉइडिस खाल्ल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. परदेशातल्या मराठी मंडळींनी हे लक्षात ठेवावं. मेलबर्न आणि कॅनबेरामध्येही ओकच्या झाडांखाली फॅलॉइडिस येते. गावाकडे आजीने शिकवलेली ओळख त्या जंगलासाठी आणि तिथल्या जातींसाठी खरी असते. दुसऱ्या खंडात तिचा आधार संपतो. अगदी कोकणातून आसामात गेलं तरी संपतो. तिथे चहामळ्यांच्या भागात 2022 च्या एप्रिलमध्ये रानअळंबी खाऊन 13 जण दगावले.

गोल, बंद चेंडूसारखी अळंबी मिळाली तर खाण्याचा विचार करण्याआधी प्रत्येक चेंडू मधोमध उभा कापा. आत चक्क्यासारखं एकसारखं पांढरं असेल तर तो पफबॉल असू शकतो. आत छत्रीची आकृती दिसली, देठ आणि टोपीची पुसट रेषा जरी दिसली, तरी ते अंडं आहे, अ‍ॅमानिटाचं असू शकतं. आत जांभळट-काळं असेल तर स्क्लेरोडर्मा, तोही विषारी. छत्तीसगडच्या सालवनातल्या बोडा या गोल अळंबीलाही हीच परीक्षा: आत पांढरा असेपर्यंतच खायचा.

चालत आलेल्या, पण निरुपयोगी कसोट्या

चांदीचं नाणं किंवा चमचा काळा पडतो का, लसूण निळा पडतो का, शिजताना तांदळाचा रंग बदलतो का: अ‍ॅमानिटाचं विष यांतल्या कशालाच कळत नाही. किडीने किंवा गोगलगाईने खाल्ली म्हणजे माणसालाही चालते, हेही खोटं. गोगलगाई अ‍ॅमानिटा मजेत खातात. साल सुटते म्हणजे खाद्य, हेही तसंच. उकळून पाणी फेकलं, चिंच-हळद घातली, वाळवली, तळली, तरी हे विष नष्ट होत नाही. चवीवरून परीक्षा तर करूच नका, या विषाने मेलेल्यांनी भाजी रुचकर होती असं सांगितल्याची नोंद आहे. रात्री चमकणाऱ्या अळंब्यांबद्दलही पावसाळ्यात विचारणा होते. भीमाशंकरच्या आणि गोव्याच्या जंगलात चमकतात त्या बहुधा मायसिना वंशाच्या, आणि त्या पाहायला जावं, खायला नाही.

मोबाइलचं अ‍ॅप वंशाचा अंदाज द्यायला ठीक आहे, जेवणाचा निर्णय घ्यायला नाही. फोटोला ठशाचा रंग, मातीतलं बूड, मांसाचा घट्टपणा यांतलं काही दिसत नाही. जाणकाराला फोटो पाठवायचे असतील तर इतके हवेत: जागेवर उगवलेली, टोपी वरून, गिल्स खालून, शेपट्यासकट पूर्ण बूड, उभी चिरलेली, आणि ठसा. शेजारी एक नाणं मापासाठी. नुसत्या टोपीच्या फोटोवर जो ठामपणे 'खा' म्हणतो, त्याचं ऐकू नका.

बाजारातून घेताना, आणि खाल्ल्यावर

रस्त्याकडेला पानाच्या पुडीत मिळणारी अळंबी घेताना बुडाला शेपटा शाबूत असलेली निवडा. गोव्यात आणि कोकणात जुनी विकणारी माणसं तो ठेवतातही. सगळी बुडं साफ कापलेली असतील तर कारण विचारा. पुडी उघडून एकेक अळंबी वेगळी करा. पुडीत चुकून मिसळलेली एक वेगळी अळंबीही पुरे असते. हायमी जातीच्या पुडीत कडं प्रत्येकीला असायला हवं, बिनकड्याच्या जातीत कुणालाच नको. चिकट झालेल्या, वास मारणाऱ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घामेजलेल्या घेऊ नका. खाद्य जात सडली तरी उलट्या होतातच, आणि मग खापर विषारी अळंबीवर फुटतं.

कच्ची खाऊ नये, नीट शिजवावी. पहिल्यांदा खाणाऱ्याने दोन घासांवर थांबावं, कारण काही जणांना निर्धोक जातही सोसत नाही. आणि शिजवण्याआधी एक अळंबी बुडासकट कागदात गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावी. कुणी आजारी पडलं तर डॉक्टरांना दाखवायला तीच उपयोगी पडते.

लक्षणं कधी सुरू झाली याची वेळ लिहून ठेवा. दोनतीन तासांतल्या उलट्या बहुधा पोटाला झोंबणाऱ्या विषाच्या. अर्ध्या-एक तासात दरदरून घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी सुरू झालं तर मस्करिन या विषाचा संशय, लगेच रुग्णालय. पण जेवणानंतर 6 ते 24 तासांनी उलट्या-जुलाब सुरू झाले तर ते अ‍ॅमानिटाचं वेळापत्रक आहे. त्यात दुसऱ्या दिवशी उलट्या थांबतात, माणूस बरा वाटतो, घरचे निर्धास्त होतात, आणि तोवर यकृत निकामी होत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून उशिरा सुरू झालेली लक्षणं थांबली तरी रुग्णाला यकृताच्या तपासण्या होतील अशा मोठ्या रुग्णालयात न्यायचंच. 108 ला फोन करा, उरलेली भाजी, कच्ची अळंबी, सालपट, असेल तर उलटीचा नमुना बरोबर घ्या. त्याच भाजीतलं खाल्लेल्या बाकीच्यांनाही न्या, त्यांना काही होत नसलं तरी. घरी मीठपाणी पाजून उलटी काढण्याच्या मागे लागू नका.

तुमच्या खळ्यातल्या छत्रीचं नाव पक्कं करायचंच असेल तर पूर्ण अळंबी बुडासकट उभी चिरा, 40 ते 45 अंशांवर किंवा पंख्याखाली कुरकुरीत होईपर्यंत वाळवा, आणि ठशाची काच, ताज्या अवस्थेतले फोटो, जागेचं वर्णन, तारीख यांसह कागदी पाकिटात ठेवा. वाळल्यावर रंग-आकार जातात, म्हणून ताज्या अळंबीचं वर्णन आधीच लिहून ठेवायचं: टोपीचं माप, कापल्यावर मांसाचा रंग बदलला का, वास, कडं सरकतं का. प्लॅस्टिकमध्ये ओली पाठवली तर पोचेपर्यंत लगदा होतो. असे वाळवलेले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारी माणसं विद्यापीठांच्या वनस्पतिशास्त्र विभागांत असतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तर बुरशींचा मोठा संग्रह, अजरेकर कवक संग्रहालय, आहे. विचारल्याशिवाय नमुना पाठवू नका. अभयारण्याच्या हद्दीत असाल तर तिथून काहीही उचलण्याआधी वनखात्याची परवानगी लागते.